तीच भूमिका, नव्या संचात

(मंडळाच्या मासिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. वेळेअभावी तेव्हा गाळलेला थोडा भाग इथे घातला आहे.)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी "सुपरहिरोंच्या सिनेमांतली नटांची अदलाबदल" असं कळवलं. त्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे कार्यक्रम बालगोपाळांसाठी ठेवायचा का?" नाही हो! बालगोपाळांना यात काही अडचणच नसते. काल एक स्पायडरमॅन होता, आज दुसरा आहे, पॉपकॉर्न कुठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न. वाद घालतात ते तिशी-चाळिशीतले बाप्ये. "आमच्या वेळचा बॅटमॅन राहिला नाही" हे वाक्य मी ज्या सुरात ऐकलंय, त्याच सुरात माझे आजोबा "आता पूर्वीचे हापूस राहिले नाहीत" असं म्हणायचे.

खरं तर मराठी माणसाला हा विषय अजिबात नवा नाही. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत दोन शब्द असतात : "नव्या संचात". नाटक तेच, संवाद तेच, माणसं नवी. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे सतीश दुभाषींनी ती भूमिका केली, दत्ता भटांनी केली, यशवंत दत्तांनी केली. २०१६ साली सिनेमा आला तेव्हा नाना पाटेकरांनी केली. 'ती फुलराणी' म्हटलं की एका पिढीच्या डोळ्यांपुढे भक्ती बर्वे येतात, पण नंतर अमृता सुभाष आणि हेमांगी कवी यांनीही मंजुळा रंगवली. आणि या प्रत्येक वेळी मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, कुणीतरी काका म्हणालेच असतील, "हं, बरं करतोय. पण ज्यांनी मूळ बघितलंय ना..."

हॉलिवूडवाले याला 'रीबूट' म्हणतात. मी कॉम्प्युटर इंजिनिअर असल्यामुळे या शब्दाची मला जरा जास्तच गंमत वाटते. कॉम्प्युटर रीबूट केला की मेमरीत जे होतं ते जातं : उघडलेल्या खिडक्या, सेव्ह न केलेलं पत्र, वगैरे. पण डिस्कवर साठवलेलं जसंच्या तसं राहतं. मंडळी, मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. गाजलेल्या भूमिकेत नवा नट आणताना मेमरीत काय होतं आणि डिस्कवर काय होतं, हे ज्यांना ओळखता आलं त्यांचा नवा नट टिकला. ज्यांनी मेमरीच जपायचा आटापिटा केला, त्यांचा पडला. आता उदाहरणं बघू.

पण त्याआधी, नट बदलावा लागतोच कशाला?

पहिलं कारण सरळ आहे. कॉमिकमधला माणूस म्हातारा होत नाही. सुपरमॅन १९३८ सालचा, बॅटमॅन १९३९ सालचा, स्पायडरमॅन १९६२ सालचा. पीटर पार्कर १९६२ मध्ये विद्यार्थी होता आणि अजूनही बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो. इतकी वर्षं शिकणारा माणूस एरवी फक्त पीएचडीत सापडतो! पण पडद्यावर त्याला हाडामांसाचा नट लागतो आणि नटाचे गुडघे दुखायला लागतात.

दुसरं कारण कागदोपत्री आहे. मार्व्हल कंपनीची परिस्थिती नव्वदच्या दशकात फार बिकट होती. १९९६ च्या अखेरीस तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्या सुमारास आणि आसपास तिने आपल्या पात्रांचे सिनेमाचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना दिले. स्पायडरमॅन गेला सोनीकडे. हे हक्क कायमचे नसतात. ठरावीक मुदतीत सिनेमा काढला नाही तर ते परत मूळ मालकाकडे जातात. ग्रीन कार्डवाल्यांना हे लगेच समजेल : फार दिवस पुण्यात राहून चालत नाही, मधूनमधून इथे येऊन हजेरी लावावी लागते. १९९४ चा 'फँटॅस्टिक फोर' हा तर याचा कळस. कमी खर्चात, घाईघाईने सिनेमा बनवला आणि तो कधीच थिएटरात लागला नाही. हक्क शाबूत राहिले, काम झालं!

म्हणजे नवा नट येतो तो दर वेळी कुणाला नवी कल्पना सुचली म्हणून येतो असं नाही. कधी तो मुदत संपत आली म्हणून येतो. आणि प्रेक्षकांना याचा वास बरोबर लागतो.

आता सुपरमॅन. १९७८ साली रिचर्ड डोनरने 'सुपरमॅन' काढला आणि त्यात क्रिस्टोफर रीव्ह नावाचा जवळजवळ अनोळखी तरुण घेतला. सहा फूट चार इंच उंच, पण अंगाने सडपातळ. त्याच्याकडून व्यायाम करून घेतला डेव्हिड प्राउझ या पैलवानाने. हा तोच माणूस, जो 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात होता. थोडक्यात, सुपरमॅनचे दंड खलनायकाने घडवले! पण रीव्हची खरी कमाल दंडात नव्हती. चष्मा लावला की सुपरमॅन ओळखू येत नाही, या भाकडकथेवर त्याने आपल्याला विश्वास ठेवायला लावला. क्लार्क केंट असताना तो खांदे पाडतो, आवाज वर चढवतो, भांग दुसऱ्या बाजूला पाडतो, वस्तूंना धडकतो. लोइसच्या घरात एक प्रसंग आहे. ती आतल्या खोलीत गेलेली असते. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली आणतो आणि कुठल्याही ट्रिकशिवाय, तिथल्या तिथे, माणूस बदलतो. मग विचार बदलून पुन्हा क्लार्क होतो. कॅमेरा हलतसुद्धा नाही. हा अस्सल रंगभूमीचा अभिनय आहे.

रीव्हने चार सिनेमे केले, शेवटचा १९८७ साली. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून त्याला पक्षाघात झाला, २००४ मध्ये तो गेला. मधल्या वर्षांत मणक्याच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी तो ज्या जिद्दीने उभा राहिला, म्हणजे खुर्चीत बसून उभा राहिला, त्यामुळे भूमिका आणि माणूस लोकांच्या मनात पार एकजीव होऊन गेले. आता त्या जागी दुसरा कोण आणि कसा आणायचा?

२००६ मध्ये ब्रायन सिंगरने 'सुपरमॅन रिटर्न्स' काढला आणि उत्तर असं शोधलं की, दुसरा आणायचाच नाही. ब्रँडन राउथला घेतलं, कारण तो रीव्हसारखा दिसायचा. कथा रीव्हच्या पहिल्या दोन सिनेमांच्या पुढची. जॉन विल्यम्सचं जुनं संगीत तेच. वारलेल्या मार्लन ब्रँडोचं जुनं चित्रीकरणही वापरलं. बिचाऱ्या राउथला काम काय होतं? रीव्ह जसा हसला असता तसं हसायचं. माझ्या मते तो वाईट नट अजिबात नव्हता. पण देवघरात तसबिरीला हार घालतात, तसा तो सिनेमा आहे. श्रद्धा आहे, फुलं ताजी आहेत, पण तसबीर बोलत नाही. राउथचा दुसरा सिनेमा आला नाही. गंमत म्हणजे २०१९ मध्ये टीव्हीवरच्या एका मोठ्या कथानकात हाच राउथ पुन्हा सुपरमॅन झाला, जरा वयस्क, दुःख पचवलेला, आणि तेव्हा तो लोकांना मनापासून आवडला. कारण त्या वेळी त्याला स्वतःचा सुपरमॅन करायला मिळाला होता.

२०१३ मध्ये झॅक स्नायडरने दुसरं टोक गाठलं. त्याने हेन्री कॅव्हिलला घेतलं. कॅव्हिलने चाचणी दिली ती रीव्हच्या पोशाखाच्या नकलेत. त्या जुन्या रंगीत कपड्यांत उभा असूनही कुणाला हसू आलं नाही, म्हणून तो निवडला गेला, असं सांगतात. पण सिनेमातून जुनं सगळं काढून टाकलं. ओळखीचं संगीत नाही, विनोद नाही, आणि जगप्रसिद्ध लाल चड्डीसुद्धा नाही! शेवटी तर सुपरमॅन शत्रूची मान मोडतो. यावर तेव्हा जे वाद झाले ते अजून मिटलेले नाहीत. माझं मत विचाराल तर कॅव्हिल दिसायला सर्वांत भारी. पण तिथे मेमरी पुसता पुसता डिस्कवरच्याही एकदोन फाइली उडाल्या.

आणि मग जुलै २०२५ मध्ये जेम्स गनचा 'सुपरमॅन' आला, डेव्हिड कोरेन्स्वेटला घेऊन. या वेळी लाल चड्डी परत आली. तिच्या परत येण्यामागची गोष्ट मला फार आवडते. दिग्दर्शक द्विधा मनःस्थितीत होता. कोरेन्स्वेटने त्याला मुद्दा सांगितला तो असा : हा परग्रहावरून आलेला, डोळ्यांतून आग ओकू शकणारा प्राणी आहे. लहान मुलांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटत असणार. म्हणून तो असे सर्कशीतल्यासारखे भडक कपडे घालतो. बघा, चड्डी तीच जी रीव्हची होती. पण राउथच्या वेळी ती रीव्हने घातली म्हणून होती, आणि इथे ती सुपरमॅन प्रेमळ आहे म्हणून आहे. एक मेमरी, दुसरी डिस्क. याच सिनेमात एक टीव्ही वार्ताहर क्षणभर दिसतो. तो आहे विल रीव्ह, क्रिस्टोफरचा मुलगा, जो खऱ्या आयुष्यातही पत्रकार आहे. नमस्कार करायचा तर असा करावा : एका क्षणात, आणि मग आपल्या कामाला लागावं.

आता बॅटमॅनकडे वळू. इथे मुख्य पात्र प्रेक्षक आहेत!

१९८८ मध्ये बातमी आली की टिम बर्टनच्या सिनेमात बॅटमॅन होणार मायकेल कीटन. कीटन तेव्हा विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. उंची बेताची, हनुवटी बेताची. चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सला हजारो निषेधाची पत्रं पाठवली. आजच्यासारखं अंगठा दाबून निषेध नोंदवायची सोय नव्हती. कागद आणायचा, लिहायचं, तिकीट लावायचं, पेटीत टाकायचं! एवढा राग. बर्टनचं म्हणणं वेगळंच होतं. धिप्पाड, देखण्या माणसाला वटवाघळाचा पोशाख घालायची गरजच काय? जो साधा आहे, आतून जरा बिनसलेला आहे, त्यालाच लोकांना घाबरवायला मुखवटा लागेल. १९८९ मध्ये सिनेमा लागला आणि पत्रं लिहिणारेच तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. आज कीटनचं नाव काढलं की हेच लोक हळवे होतात. २०२३ मध्ये 'द फ्लॅश'मध्ये तो सत्तरी ओलांडून पुन्हा बॅटमॅन झाला तेव्हा त्याच्यासाठीच म्हणून तिकीट काढणारे मला माहीत आहेत.

पुढे १९९५ मध्ये व्हॅल किल्मर आला, १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनी. क्लूनीने नंतर त्या सिनेमाबद्दल इतक्या वेळा जाहीर माफी मागितली आहे की आता आपणच त्याला "असू दे रे" म्हणायला हवं. पण या चार सिनेमांतली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. मालक तीन झाले, पण घरचा जुना विश्वासू आल्फ्रेड चारही सिनेमांत एकच : मायकेल गॉफ. पोलीस कमिशनर गॉर्डनही एकच : पॅट हिंगल. मराठी मालिका बघणाऱ्यांना हे तंत्र माहीत आहे. एके दिवशी सूनबाई जिना चढते ती एक, आणि उतरते ती दुसरीच! पण सासूबाई त्याच असतात, ओट्यावरची बरणीसुद्धा तीच असते, त्यामुळे दोन दिवसांत आपण विसरून जातो. गॉफने "मास्टर ब्रूस" म्हणून हाक मारली की समोर जो असेल तो ब्रूस. नव्या नटाला भूमिका देतात ते असे जुने सोबती.

मग आठ वर्षांनी, २००५ मध्ये, ख्रिस्तोफर नोलनने सगळंच नव्याने मांडलं आणि ख्रिश्चन बेल आला. पण खरा धडा आहे त्या मालिकेतल्या जोकरचा. १९६६ मध्ये टीव्हीवरचा जोकर सीझर रोमेरो. या पठ्ठ्याने मिशी काढायला नकार दिला, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासायचे! १९८९ मध्ये जॅक निकल्सन. तो इतका गाजला की ती भूमिका संपली असंच सगळे धरून चालले. म्हणून २००६ मध्ये हीथ लेजरचं नाव जाहीर झालं तेव्हा पुन्हा तोच दंगा. हा कोवळा प्रेमळ चेहऱ्याचा पोरगा काय जोकर करणार? लेजरने निकल्सनचं काहीही उचललं नाही. चाल नाही, हसणं नाही, आवाज नाही. फक्त एक गोष्ट ठेवली : या माणसाला कशाचीच भीती नाही आणि म्हणून त्याच्याशी कुठलाच सौदा होत नाही. लेजर जानेवारी २००८ मध्ये गेला, वय अवघं अठ्ठावीस. सिनेमा त्याच वर्षी जुलैमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. आता तरी ही भूमिका बंद होईल? नाही झाली. २०१९ मध्ये वॉकीन फिनिक्सने तिसराच जोकर उभा केला आणि त्यालाही ऑस्कर मिळालं. एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर, आणि दोघांत साम्य शोधायला भिंग लागेल.

नंतर बेन अॅफ्लेकच्या वेळी पुन्हा ओरड, रॉबर्ट पॅटिन्सनच्या वेळी पुन्हा ओरड. "तो 'ट्वायलाइट'वाला? तो बॅटमॅन?" २०२२ मध्ये सिनेमा आला आणि ओरडणारे गप्प. मंडळी, माझा एक अनुभवसिद्ध नियम आहे. नव्या नटाच्या नावावर कुणीच रागावलं नाही तर मला काळजी वाटते. म्हणजे तो बहुतेक आधीच्यासारखाच दिसत असणार!

आता मी कन्सल्टंट म्हणून दोन शब्द बोलतो, कारण हे दुःख माझ्या ओळखीचं आहे. आमचं कामच असं की दुसऱ्याने उभारलेल्या गोष्टीत मध्येच जाऊन बसायचं. जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं समजावून देतो, त्याला आमच्याकडे 'केटी' म्हणतात. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केटीचा अर्थ वेगळा होता. ज्यांना लागली होती त्यांनी हात वर करायची गरज नाही! तर कितीही केटी झाली तरी पहिल्या आठवड्यात एक वाक्य ऐकावंच लागतं : "आधीचे गृहस्थ असं करत नव्हते." त्यावर दोन मार्ग असतात. आधीच्या गृहस्थांची हुबेहूब नक्कल करायची, म्हणजे त्यांच्या चुकाही आपल्याच होतात. किंवा हे काम मुळात कशासाठी आहे ते शोधायचं आणि आपल्या पद्धतीने करायचं. दुसऱ्या मार्गात शिव्या जास्त बसतात, पण कंत्राट टिकतं.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे, म्हणजे स्पायडरमॅनकडे येतो.

माझ्या पिढीचा स्पायडरमॅन टोबी मग्वायर. २००२, २००४ आणि २००७. भाडं थकलेलं, पिझ्झा पोचवायला उशीर झालेला, प्रेम सांगता न आलेला पीटर. आम्हाला तो जवळचा वाटला, कारण न्यूयॉर्क सोडलं तर बाकी सगळं आमचंच होतं. चौथा सिनेमा व्हायचा होता, तो जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला, आणि २०१२ मध्ये नवा स्पायडरमॅन हजर : अँड्र्यू गारफील्ड. अवघ्या पाच वर्षांत! पुन्हा कोळी चावला, पुन्हा बेनकाका गेले. थिएटरात माझ्या शेजारचा मित्र म्हणाला, "अरे, तेरावं होऊन किती दिवस झाले, परत कशाला?"

गारफील्डवर यात अन्याय झाला. तो मनापासून चाहता होता. २०११ च्या कॉमिक-कॉनमध्ये तो दुकानातून आणलेला स्पायडरमॅनचा पोशाख घालून प्रेक्षकांतून उठला होता. त्याचा पीटर चपळ, बोलका, जरा जास्त देखणा. पण त्याला सांगायला मिळालेली गोष्ट आधीच सांगून झालेली होती. नवा नट, जुनी मेमरी. २०१४ च्या दुसऱ्या सिनेमात त्याची ग्वेन उंचावरून पडते, तो जाळं फेकतो, जाळं पोचतंही, पण ती वाचत नाही. आणि तिथेच त्याची मालिका संपली. तिसरा सिनेमा झालाच नाही. त्याचं दुःख तसंच अर्धवट लटकत राहिलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हल यांचा समझोता झाला आणि एकोणीस वर्षांच्या टॉम हॉलंडची निवड झाली. २०१६ मध्ये तो पहिल्यांदा दिसला. या वेळी शहाणपण असं की कोळ्याचा चावा दाखवला नाही, काकांचा मृत्यू दाखवला नाही. तुम्हाला माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे, असं म्हणून पुढे गेले. प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवणं हाही एक मान असतो.

आणि मग डिसेंबर २०२१. 'नो वे होम'. तिघेही एका पडद्यावर! गारफील्ड त्याआधी कित्येक मुलाखतींत चेहरा न हलवता "मी त्यात नाही" असं सांगत होता. सिनेमात तिघे एकमेकांना सांभाळून घेतात, थट्टा करतात. टोबीचं जाळं थेट मनगटातून निघतं, बाकी दोघांना त्यासाठी यंत्र लागतं, यावर इंजिनिअरला शोभेल अशी चर्चा करतात. आणि शेवटच्या लढाईत हॉलंडची एमजे उंचावरून पडते. हॉलंडचा हात पोचत नाही. झेप घेतो गारफील्ड. या वेळी तो तिला धरतो. खाली उतरल्यावर ती त्याला विचारते, तू ठीक आहेस ना? आणि त्याला रडू फुटतं.

मी गेलो होतो त्या थिएटरात सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटतं, ती टाळी ग्वेनसाठी होती, आणि ज्याला मध्येच उठवलं होतं त्या नटासाठीही होती. नव्याला जागा देताना जुन्याला पुसून टाकावं लागत नाही, हे इतक्या सोप्या रीतीने मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता उलट बाजू. प्रत्येक वेळी संच बदलावाच का?

चॅडविक बोझमन 'ब्लॅक पँथर'मध्ये राजा टचाला होता. सिनेमा २०१८ चा. २०१६ मध्येच त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं होतं, पण त्याने ते जगापासून लपवलं आणि उपचारांच्या अधूनमधून कामं करत राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. मार्व्हलने जाहीर केलं, दुसरा टचाला आणणार नाही. २०२२ च्या सिनेमात राजाच्या मृत्यूनेच सुरुवात केली आणि मुखवटा त्याच्या बहिणीकडे, शुरीकडे दिला. यावर दोन मतं पडली, आणि विशेष म्हणजे दोन्ही प्रेमापोटी होती. एक म्हणे, त्याच्या जागी इतक्या लवकर दुसऱ्याला बघवणार नाही. दुसरं म्हणे, काळ्या मुलांना पडद्यावर असा राजा पहिल्यांदा मिळाला होता, नट गेला म्हणून राजालाही का नेता? त्यांनी अर्जही केले, टचाला परत आणा म्हणून.

मी बराच काळ पहिल्या मताचा होतो. हल्ली दुसऱ्याकडे झुकतो. काही काळ थांबणं योग्यच होतं. घरात सुतक असताना कुणी नाटकाची तालीम काढत नाही. पण सुतकालाही दिवस ठरलेले असतात. एखादी भूमिका कायमची बंद केली तर नटाचा मान राहतो, पण ज्यांच्यासाठी ती भूमिका होती त्यांचं काय? बेलवलकर लागूंबरोबरच थांबवले असते तर पुढच्या पिढ्यांना ते नाटक फक्त ऐकीव राहिलं असतं.

आणि जाता जाता वूल्व्हरिन. ह्यू जॅकमनशिवाय दुसरा सुचतच नाही ना? २००० साली सुरुवात, २०१७ च्या 'लोगन'मध्ये मृत्यू, तरी २०२४ मध्ये परत हजर. पण ही भूमिका आधी मिळाली होती डग्रे स्कॉटला. त्याचं 'मिशन इम्पॉसिबल २'चं काम लांबलं आणि ऐनवेळी ऑस्ट्रेलियाचा एक फारसा माहीत नसलेला नट बोलावला. कॉमिकमधला वूल्व्हरिन सव्वापाच फुटी, जॅकमन सहा फुटांच्या वर! म्हणजे ज्याच्याशिवाय भूमिका सुचत नाही, तोसुद्धा मुळात बदली कामगारच.

शेवटचं बोलतो आणि बसतो, कारण मागे चहा उकळल्याचा वास येतोय.

आपल्या मंडळाचं गणपतीतलं नाटक बघा. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी ते उभं केलं, त्यांतले काही आज पहिल्या रांगेत बसलेत. विसरलेलं वाक्य विंगेतून कोण सांगायचं, कुणाची मिशी ऐन प्रवेशात सुटली, हे सगळं त्यांना पाठ आहे. आता त्या भूमिका इथे जन्मलेली मुलं करू लागली आहेत. त्यांचा 'ळ' कधी 'ल' होतो. विनोदाची जागा त्यांना दुसरीकडेच सापडते. तालमीत परवा एका मुलीने मला विचारलं, "काका, ही बाई एवढं ऐकून का घेते? मी असती तर निघून गेली असती." दिग्दर्शक म्हणाले, आमच्या वेळी ती नुसती रडायची. ती मुलगी म्हणाली, "मी रडेन, पण रागाने रडेन." आणि तिने करून दाखवलं. प्रवेश तोच, वाक्यं तीच. खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो.

तेव्हा येत्या प्रयोगाला बसाल तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. "ज्यांनी मूळ बघितलंय ना..." हे वाक्य मध्यंतरापर्यंत तोंडातच ठेवा. निदान बटाटावडा येईपर्यंत. त्या मुलीला पहिला अंक तरी तिचा तिला मिळू दे.